चौकातला चोथा

माइशांग काकूंना ढकलायची सवय होती. गाढव अडलं की त्या मागून ढकलत, ट्रॅक्टर चढावर दमला की उतरून ढकलत, बाजारातल्या रांगेत पुढच्याच्या पाठीला कोपर लावत. नवरा होउ देशुन सकाळी खांगवरून, म्हणजे त्या खालून शेकलेल्या विटांच्या कट्ट्यावरून, उठायला कुरकुर करायचा तेव्हा त्याच्या वाट्यालाही हेच यायचं. काकूंचं म्हणणं साधं होतं. जगात जे काही अडतं ते जोर कमी पडल्यामुळे अडतं. त्यांचा स्वतःचा जोर कधी कमी पडला नाही, त्यामुळे हे म्हणणं तपासून बघायची वेळही आली नाही. थाओ नदीच्या काठी घर, वर डोंगरउतारावर शेतं, ट्रॅक्टर चालवणारा एक मुलगा युंगशान, आणि गेल्या हिवाळ्यात लग्न होऊन आलेली सून श्याओमान. काकू सुखी होत्या आणि ते त्या कुणापासून लपवतही नव्हत्या.

गावाचं पोट एका मुळावर चालायचं. दांगग्वे. झाडांची पानं पिवळी पडली की ते खणायचं, जुड्या बांधायच्या, धुरीच्या खोलीत टांगायच्या आणि खाली ओल्या फांद्यांचा मंद धूर करत बसायचं. मग थंडीभर गावाच्या कपड्यांना, केसांना, वाफवलेल्या पावालासुद्धा तो गोडसर-कडवट वास. बाईची पाळी लांबली, अडली, आटली की कुठलाही वैद्य चिठ्ठीत आधी ह्याचं नाव लिहितो. नावाचा अर्थच 'परत यायलाच हवं' असा आहे.

ह्या मुळाचे भाग तीन आणि तिघांचे स्वभाव तीन. डोकं रक्त थांबवतं, अंग रक्त भरतं, शेपट्या रक्त ढकलतात. गावातल्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी येतं. डोकी आणि अंगं जुडीत बांधून व्यापाऱ्याकडे जातात, घरी उरतात शेपट्या. काकूंच्या कोठीत त्यांचं पोतं कायम भरलेलं असे. गुडघा दुखला, शेपटी. हातपाय गार पडले, शेपटी. ह्या भागावर काकूंची इतकी भक्ती का, ते वेगळं सांगायला नको.

जुन्या बायका इथे पाळीला पाळी म्हणत नाहीत, चंद्राचा निरोप म्हणतात. श्याओमानचा निरोप वसंतापासून आला नव्हता. त्याआधी एकदा थांबला होता तो चांगल्या कारणाने, आणि काकूंनी आनंदाने अर्धी गल्ली डोक्यावर घेतली होती. पण ते दिवस पोटात टिकले नाहीत. अशा वेळी बाईने बाळंतिणीसारखंच महिनाभर खांगवर पडून राहायचं, गार पाण्यात हात घालायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, ही रीत काकूंना माहीत नव्हती असं नाही. पण रोपं लावायचे दिवस होते. सून नीट उठून बसू लागते न लागते तोच काकू म्हणाल्या, "पडून राहिलीस तर अंग आखडेल पोरी. शेतात चल, मोकळं वाटेल." आणि पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला दाराबाहेर नेलं. श्याओमान गेली. ती कधी नाही म्हणत नसे.

रक्त बरेच दिवस जात राहिलं आणि मग जे थांबलं ते थांबलंच. उन्हाळा गेला, खणणी आली. पोरीचा चेहरा कच्च्या कणकेच्या रंगाचा झाला, फणीत केसांचे गुंतवळ निघू लागले. जुड्या बांधताना ती डोंगरावरच्या जत्रेतली गाणी म्हणायची, चढा आवाज लावून, शेजारचे काम थांबवून ऐकायचे. ती गाणी बंद झाली. काकूंना हे पहिल्यांदा कानांनी कळलं, मग डोळ्यांनी. सून त्यांना मनापासून आवडत होती.

त्या तिला घेऊन पुलापलीकडे वेन वैद्यांकडे गेल्या. वैद्य म्हातारे, सावकाश बोलणारे, काकूंच्या दृष्टीने फारच सावकाश. त्यांनी श्याओमानचं एक मनगट धरलं, मग दुसरं, डोळे मिटून बसून राहिले.

"झोपलेत का हे?" काकू कुजबुजल्या.

"ऐकतोय," वैद्य डोळे न उघडता म्हणाले. "पोट राहिलं की बोटाखाली मणी घरंगळल्यासारखे लागतात. इथे मणी नाहीत. नुसता दोरा आहे, तोही बारीक. जीभ दाखव, पोरी. नाव काय तुझं?"

"श्याओमान."

"म्हणजे कणसात दाणा भरायला लागतो, त्या दिवसातली. छान नाव आहे." मग ते काकूंकडे वळले. "हे अडलेलं नाही, आटलेलं आहे. अडलं असतं तर मी ढकललं असतं. आटलेल्या विहिरीवर रहाट जोरात फिरवून काय उपयोग? आधी भरू द्या. भरलं की आपणहून वाहील. घाई नको."

"नाही नाही, घाई कसली," काकू म्हणाल्या. औषधं बांधणाऱ्याने पुडे करायला घेतले, तर त्याला थांबवून त्यांनी सांगितलं, "दांगग्वे घालू नकोस. आमच्या घरी पोत्याने पडलंय, विकत काय घ्यायचं." ह्यात काही वावगं नव्हतं. दांगग्वे पिकवणारा माणूस दांगग्वे विकत घेत नाही.

घरी आल्यावर काकूंनी काढ्याचं मडकं चुलीवर चढवलं, पुडा सोडला, आणि कोठीतून मूठभर शेपट्या आणून वर टाकल्या. चिठ्ठीत 'अंग' लिहिलं होतं. पण अंगं जुड्यांत बांधून धुरीला टांगली होती, व्यापाऱ्याची म्हणून मोजलेली होती, आणि आपल्या घरी कुणी कधी अंग खाल्लेलं काकूंना आठवत नव्हतं. शिवाय वैद्य काहीही म्हणोत, त्यांच्या मनाचा कौल पक्का होता. वाट बंद आहे ना? मग जोर लावायला हवा.

श्याओमान रोज वाडगाभर काढा नाक दाबून प्यायची आणि वर खडीसाखरेचा खडा चघळायची. पोटात कळा यायच्या. "येतायत ना? म्हणजे हलतंय," काकू समाधानाने म्हणायच्या. पोरगी मात्र आणखीच पांढरी पडत चालली.

काढा गाळून उरलेला चोथा रस्त्यावर टाकायचा असतो. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली तो तुडवला जातो आणि दुखणं त्यांच्या तळव्यांबरोबर चहूदिशांना पांगतं. लोक घरासमोर टाकतात. काकूंना तेवढ्याने कुठलं भागायला? घरासमोरून दिवसाकाठी जाऊन जाऊन जाणार किती पाय! त्या चोथा एप्रनमध्ये धरून पुलाजवळच्या चौकात जायच्या, जिथे बाजार भरतो, आणि बरोब्बर मध्यावर ओतून यायच्या. दुखण्यालाही मागून रेटा.

दुसऱ्या कुठल्या गावात हे खपून गेलं असतं. तिथे चोथा म्हणजे कचरा. पण ह्या गावात लहान पोरसुद्धा चोथ्यातली काडी बघून सांगतं की हे डोकं, हे अंग, ही शेपटी. काकूंनी चौकात जे ओतलं होतं ते दुखणं नव्हतं, दवंडी होती. तोफू विकणारी सू वहिनी तिथेच बसायची. पहिल्याच दिवशी तिने चपलेच्या टोकाने चोथा उलटून पाहिला आणि म्हणाली, "काय हो काकू, सुनेचा निरोप अजून वाटेतच आहे वाटतं? पायी निघालाय का?"

"तू तुझा तोफू सांभाळ, आंबतोय," काकूंनी ठणकावलं. पण आसपासच्या बायका हसल्याच.

काकूंच्या कातडीला हे लागण्यासारखं नव्हतं. श्याओमानला लागलं. ती बाजारात गेली की बायकांची नजर आधी जमिनीवरच्या चोथ्याकडे जायची आणि मग तिच्या पोटाकडे. ती बाजारात जायची थांबली, मग विहिरीवर जायची थांबली. आणि एका दुपारी बटाटे सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "आई, मी थोडे दिवस माहेरी जाऊन येऊ?"

"थोडे म्हणजे?"

"थंडी सरेपर्यंत."

काकूंच्या हातातली सुरी थांबली. थंडी सरेपर्यंत माहेरी गेलेली सून वसंतात कशी परत येत नाही, ह्याच्या दोन गोष्टी त्यांच्या ओळखीत होत्या. युंगशान त्या वेळी अंगणात ट्रॅक्टरखाली पडून काहीतरी ठोकत होता, त्याला ह्यातलं काही ऐकू गेलं नाही. काकू म्हणाल्या, "बघू." हा शब्द त्यांच्या तोंडून ह्याआधी कुणी ऐकला नव्हता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या चोथा घेऊन चौकात आल्या तर मध्यभागी, त्यांच्या नेमक्या जागेवर, वेन वैद्य लाकडी तिपाई टाकून बसलेले. पुढ्यात आदल्या दिवशीचा तुडवलेला चोथा, आणि वैद्यांच्या बोटांत त्यातली एक काडी.

"वैद्यबुवा, इथे थंडीत काय करताय?"

"तुझी वाट बघतोय. बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दाराची कडी वाजवत नाही, तुला माहीत आहे. पण चौक काही कुणाच्या घरचा नाही." त्यांनी काडी वर धरली. "दोन खेपा नाडी पाहिली, दोरा जाड होईना. मी आपला स्वतःला दोष देत बसलो. आणि आज इथून जाताना हे पायाखाली आलं. ही काय आहे?"

"दांगग्वे."

"दांगग्वेचं काय?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. सू वहिनीने तोफू कापायचा थांबवला होता. "शेपटी," काकू म्हणाल्या.

"मी काय लिहिलं होतं?"

"अंग. पण अंग व्यापाऱ्याचं असतं."

"आणि सुनेला शेपटी," सू वहिनी मधेच म्हणाली, आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही.

काकू चवताळल्या. "तुम्हाला काय माहीत? दुष्काळात, मी पोर होते तेव्हा, दोन हिवाळे माझाही निरोप थांबला होता. माझाच काय, गावातल्या सगळ्या बायकांचा. मी ह्याच शेपट्या चावल्या, उपाशीपोटी चावल्या, आणि आला ना परत. मला शिकवू नका."

वैद्य रागावले नाहीत. "कधी आला परत?"

"म्हणजे?"

"कुठल्या दिवसांत?"

काकू आठवू लागल्या. "थंडी पडायला लागली होती. आम्ही नुकतेच बटाटे काढले होते. त्या वर्षी बटाटे झाले होते, चांगले मुठीएवढे. आई रोज टोपलीभर उकडायची, आणि कुणाला बस म्हणायची नाही..."

त्यांनी एप्रनमधल्या चोथ्याकडे पाहिलं.

"आमच्या आईचाही त्याच थंडीत आला होता म्हणे," सू वहिनी हळूच म्हणाली. "आणि आमच्याकडे तर दांगग्वे लावलेलंच नव्हतं."

वैद्यांनी काडी खाली ठेवली, तिपाई उचलली आणि ते आपल्या वाटेने गेले. काकू एप्रनमध्ये कोमट चोथा धरून चौकात उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ज्याला शेपट्यांचा पराक्रम समजत होत्या तो आईच्या टोपलीचा होता. एवढी मोठी चूक एकटीने चौकात उभं राहून गिळायची म्हणजे चेष्टा नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग, त्यांचा स्वभावच तसा असल्यामुळे, थोड्या वेळाने जरा हलकंही वाटलं. कुठे चुकलं ते तरी सापडलं होतं.

चोथा तसाच घेऊन त्या घरी आल्या, आणि थेट धुरीच्या खोलीत शिरल्या. तिथे सगळ्यांत वर, दारासमोर, वर्षातली सगळ्यांत देखणी जुडी टांगलेली असते. व्यापारी आत आला की आधी तीच बघतो आणि तिच्यावरून बाकीच्या मालाची किंमत करतो. काकूंनी काठीने ती खाली काढली.

धुराला बसलेला देशुन उठून उभा राहिला. आयुष्यात बायकोने हाक न मारता तो असा क्वचितच उठला असेल. "अगं, ती वरची जुडी आहे."

"दिसतंय मला."

"व्यापारी येऊन काय बघेल?"

"खालची बघेल."

त्यांनी पाट्यावर एक मूळ आडवं ठेवलं आणि अंगाच्या चकत्या करायला घेतल्या. आत पिवळसर पांढरा गर, त्यात तेलाचे बारीक ठिपके. हजारो मुळं खणलेला हात, पण हा गर असा निवांत त्यांनी कधी पाहिला नव्हता. मग त्या खाटकाकडे जाऊन मेंढीची अख्खी तंगडी घेऊन आल्या. मटण, आलं आणि दांगग्वे मंद आचेवर शिजवून द्यायचं, ही बाळंतिणीची जुनी रीत. ती वसंतातच करायची होती.

श्याओमान कोपऱ्यात गाठोडं बांधत होती. काकूंनी ते सोडलं, कपडे पेटीत परत टाकले आणि तिला खांगवर बसवून पायांवर रजई ओढली.

"आई, जुड्या बांधायच्या राहिल्यात."

"मी बांधीन. तुझा एक महिना माझ्याकडे राहिलाय, तो बस." काकूंना पुढचं वाक्य जड गेलं, पण त्यांनी ते बाहेर काढलं. "मी तुला तेव्हा उठवायला नको होतं. माझं चुकलं."

श्याओमानने तोंड भिंतीकडे वळवलं आणि ती पुष्कळ रडली. काकूंनी तिला रडू दिलं. चुलीवर मटण उकळत होतं, ते बघायला जाणं भागच होतं.

मग तो महिना सुरू झाला, आणि काकूंच्या नाकी नऊ आले. बसणं सुनेचं होतं, शिक्षा सासूला होती. जुड्या त्याच बांधत, पाणी त्याच आणत, काढा आणि रस्सा त्याच उकळत, आणि हे सगळं त्यांना जमत होतं. जमत नव्हतं ते एकच. रोज सकाळी वाडगा देताना 'आला का?' हा प्रश्न दातांपर्यंत यायचा आणि तो त्यांना परत आत ढकलावा लागायचा. ढकलायची एवढी एक गोष्ट आता उरली होती.

चोथ्याचा प्रश्नही होताच. "आता चौकात नका टाकू," श्याओमान म्हणाली होती. काकू म्हणाल्या, "आता तर चौकातच टाकणार." आणि गेल्या. चोथा ओतला, खाली बसल्या, आणि दांगग्वेच्या जाड जाड चकत्या निवडून वर आणून नीट मांडून ठेवल्या. सू वहिनी मान लांब करून बघत होती.

"अंग?" तिने विचारलं.

"वरच्या जुडीतलं," काकू म्हणाल्या आणि हात झटकून घरी निघाल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. होउंच्या घरात सुनेला वरच्या जुडीतलं अंग शिजवून घालतात. ज्या बायका श्याओमानच्या पोटाकडे बघायच्या त्या आता आपापल्या सासूकडे बघू लागल्या, आणि दोन-तीन घरांत त्यावरून भांड्याला भांडं लागलं म्हणतात. युंगशानने हे सगळं घरी येऊन सांगितलं तेव्हा, चकत्या मांडणाऱ्या काकूंचं चित्र डोळ्यांपुढे येऊन श्याओमान इतकी हसली की तिला ठसका लागला. काकू बाहेर जुड्या बांधत होत्या. ते हसू ऐकून त्यांचा जीव अर्धा भांड्यात पडला.

व्यापारी आला, दारासमोरची खालच्या प्रतीची जुडी बघून त्याने नाक मुरडलं आणि भाव पाडला. काकू त्याच्याशी नेहमीइतक्याच भांडल्या, पण सवयीने. पहिला बर्फ पडला. श्याओमानचा महिना संपला, तरी काकू तिला उठू देईनात. वैद्यांनी नाडी पाहून सांगितलं की दोरा आता दोरीच्या वाटेवर आहे, आणि काकू तेव्हाही काही बोलल्या नाहीत. वैद्यांना त्यांचीच काळजी वाटून त्यांनी काकूंचीही नाडी पाहिली.

एके सकाळी काकू बाहेर बर्फ लोटत होत्या, तर स्वयंपाकघरातून गाणं ऐकू आलं. मोठ्याने नव्हे, नुसतं गुणगुणणं, पण चढी सुरावट तीच, जत्रेतली. काकू फावडं टाकून आत आल्या. श्याओमान चुलीपाशी उभी होती, गालांवर चुलीच्या धगीचा का होईना पण रंग होता. तिने डाव उचलला आणि रस्सा एका वाडग्यात वाढला, तळातून ढवळून, चकत्या येतील असा. वाडगा तिने स्वतः घेतला नाही. तो काकूंपुढे धरला.

"आई, निरोप आला."

काकूंनी वाडगा हातात घेतला. खांगवर देशुन उठून बसला होता, कुणी ढकललं नव्हतं तरी. 'मग आता नातवाचं' एवढे शब्द काकूंच्या जिभेवर तयार होते. त्यांच्या मागे आणखी पुष्कळ शब्द रांग लावून उभे होते आणि पुढच्याला कोपराने ढोसत होते. काकूंनी वाडगा तोंडाला लावला आणि रश्शाच्या घोटाबरोबर ती सगळी रांग गिळून टाकली.

मग त्यांनी चॉपस्टिकने एक चकती उचलली आणि खाल्ली. बराच वेळ चावत राहिल्या.

"कसं लागतं?" श्याओमानने विचारलं.

"मऊ," काकू म्हणाल्या. "कडू आहे, पण मागून गोड येतं." त्यांनी आणखी एक चकती उचलली, निरखून पाहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांनी बाहीला पुसलं. "लग्न होऊन आले तेव्हापासून लावतेय, खणतेय. हे असं लागतं, हे मला माहीतच नव्हतं."

"बसा आई," श्याओमान म्हणाली. "भांड्यात अजून आहे."

बाहेर बर्फ अर्धाच लोटून झाला होता. काकू बसल्या.